मालवाघिणीचा पाठ : अमेरिकी लोहमार्गांवरील वाघिणी आणि त्यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती

१

मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. इंग्रजीतील ‘वॅगन’ हा शब्द कानी पडला, तो जिभेला परका वाटला आणि बोलणाऱ्यांनी त्याच्या ध्वनीशी जुळणारा घरचाच शब्द त्याच्या जागी बसविला. लोकव्युत्पत्तीचे याहून सुबोध उदाहरण विद्यार्थ्यांना देणे कठीण आहे. अमेरिकेत मात्र हीच वस्तू ‘वॅगन’ या नावाने ओळखली जात नाही. तेथे ती ‘कार’ होते. इंग्लंडमध्ये ‘ट्रक’ म्हणजे उघडी मालवाघीण, तर अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे वाघिणीखालची चार चाकांची फिरती चौकट, जिला आपण बोगी म्हणतो. एकाच भाषेच्या दोन शाखांत एकाच व्यवसायाची परिभाषा इतकी वेगळी व्हावी, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेण्यास पुरेशी आहे. प्रस्तुत लेखकाचेही लक्ष या विषयाकडे प्रथम शब्दांमुळेच गेले.

परंतु प्रस्तुत टिपणाचे निमित्त वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याने अमेरिकेहून येताना दोन लहान वाघिणी आणल्या. दोन्ही बंद डब्याच्या, म्हणजे तिकडे ज्याला ‘बॉक्सकार’ म्हणतात त्या प्रकारच्या होत्या. प्रत्येकीची लांबी सुमारे साडेचौदा सेंटिमीटर होती. कुशीवर इतकी बारीक अक्षरे छापलेली होती की ती भिंगाखेरीज वाचता येईनात. पहिल्या वाघिणीवर तिचे रिते वजन ४४,५०० पौंड आणि कमाल भार १,२४,५०० पौंड असे दिले होते. दोन्हींची बेरीज १,६९,००० होते. दुसरीवर निराळ्या रेल्वेचे नाव होते, बांधणीचे वर्ष १९५७ होते. पण दोन्ही वजने मात्र शेवटच्या अंकापर्यंत पहिलीसारखीच होती. शिवाय तिच्या टोकाच्या भिंतींची घडण १९३७ च्या नमुन्याची होती. पहिली वाघीण विश्वासार्ह दिसत होती. दुसरी पाहून बनावट ताम्रपटाची आठवण झाली. राजाचे नाव एका काळचे, लिपी दुसऱ्या काळची आणि दानाचा तपशील तिसऱ्याच ताम्रपटातून उतरविलेला, असा तो प्रकार होता.

खेळण्याकडे या दृष्टीने पाहणे कित्येकांना अनाठायी वाटेल. तथापि अमेरिकेतील मालवाघिणींचा इतिहास लिहिण्याच्या कामी अशा प्रतिकृती करणाऱ्यांनी व संग्रह करणाऱ्यांनी जी चिकित्सा केली आहे, ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुर्लक्षावी अशी नाही. मूळ वस्तू बहुतांशी नष्ट झाल्यावर प्रतिकृतीला पुराव्याचा दर्जा कितपत द्यावा, हा प्रश्न येथे स्वच्छपणे समोर येतो. त्याचाच विचार पुढे करावयाचा आहे.

२

मालवाघिणीचा इतिहास हा मूलतः परक्या रुळांवर जाण्याचा इतिहास आहे. अमेरिकेत लोहमार्ग शेकडो खाजगी कंपन्यांच्या मालकीचे होते. प्रत्येक सीमेवर माल उतरवून पुन्हा भरण्यापेक्षा वाघीणच पुढच्या कंपनीच्या स्वाधीन करणे सोयीचे होते. तसे होऊ लागताच प्रश्न निर्माण झाले. घरापासून हजार मैलांवर वाघिणीचा एखादा भाग मोडला तर तो कोणी बदलावा, कोणाच्या खर्चाने बदलावा, आणि मुळात त्या भागाला म्हणावयाचे काय? एका कारखान्यात ज्या तुळईला एक नाव, तिलाच दुसऱ्या कारखान्यात दुसरे नाव असे. नावच ठाऊक नसेल तर भाग मागविणार कसा?

वाघिणी बांधणाऱ्या प्रमुख कारागिरांची ‘मास्टर कार बिल्डर्स असोसिएशन’ ही संस्था १८६७ मध्ये स्थापन झाली. या संस्थेने जी कामे अंगावर घेतली त्यांत एक काम शुद्ध कोशकाराचे होते. मॅथायस फॉर्नी यांनी संस्थेसाठी सिद्ध केलेला ‘कार बिल्डर्स डिक्शनरी’ हा सचित्र कोश १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भागांची नावे, त्यांच्या व्याख्या आणि आकृती दिल्या होत्या. परिभाषा एक झाल्याखेरीज व्यवहार एक होत नाही, हे येथे कोणा भाषाशास्त्रज्ञाला सांगावे लागले नाही; ते मोडलेल्या तुळईने सांगितले. याच कोशाची परंपरा पुढे ‘सायक्लोपीडिया’ या नावाने चालू राहिली. तिच्या आवृत्त्यांतील मोजमापांसहित आकृती प्रतिकृतिकारांना आजही आधारभूत वाटतात.

शब्दांच्या पाठोपाठ वस्तू एकरूप होऊ लागल्या. आरंभी दोन वाघिणी कडी आणि खिट्टी यांनी जोडीत. त्यासाठी माणसाला दोन वाघिणींच्या मध्ये उभे राहावे लागे आणि या कामात कितीतरी कामगारांची बोटे, हात आणि प्राणही गेले. ईलाय जॅनी याने १८७३ मध्ये आपोआप अडकणाऱ्या जोडणीचे एकस्व मिळविले. कारागिरांच्या संस्थेने १८८७ मध्ये त्या जातीची जोडणी प्रमाण मानली. २ मार्च १८९३ च्या सुरक्षा कायद्याने स्वयंचलित जोडणी व इंजिनातून चालविता येणारे ब्रेक सक्तीचे केले. १९१० चा कायदा व त्याखालील १९११ चा आदेश यांनी तर शिडीच्या पायऱ्या, धरावयाच्या मुठी, पाय ठेवण्याच्या पट्ट्या यांची जागा व मापेही ठरवून दिली. प्रतिकृतीवर शिडी कोठे आहे हा प्रश्न म्हणूनच केवळ सौंदर्याचा राहत नाही. त्या शिडीमागे एक कायदा आहे आणि त्या कायद्यामागे अपघातांची दीर्घ मालिका आहे.

पहिल्या महायुद्धात, २६ डिसेंबर १९१७ च्या घोषणेने, अध्यक्ष विल्सन यांनी लोहमार्ग सरकारी नियंत्रणाखाली घेतले. ते १ मार्च १९२० रोजी परत करण्यात आले. या अवधीत सरकारी प्रशासनाने ठराविक प्रमाण नमुन्यांच्या सुमारे एक लक्ष मालवाघिणी मागविल्या व निरनिराळ्या कंपन्यांना वाटून दिल्या. एकाच आकृतीवरून बांधलेल्या वाघिणी अनेक मालकांच्या नावांनी इतक्या मोठ्या संख्येने धावू लागण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्यानंतर १९३७ चा पोलादी प्रमाण नमुना आला, आणि १९४७ पासून पुलमन-स्टँडर्ड या कारखान्याने ‘पीएस-१’ ही वाघीण बांधावयास घेतली. तिची संख्या एक लक्षाच्या वर गेली. एक शरीर आणि अनेक नावे ही स्थिती अशा रीतीने वास्तवातच निर्माण झालेली होती. खरी व खोटी प्रतिकृती ओळखण्याचे काम यामुळेच अवघड होते. नाव बदलले एवढ्यावरून प्रतिकृती बनावट ठरत नाही. त्या नावाच्या मालकाने त्या घडणीची वाघीण त्या वर्षी खरोखर घेतली होती काय, हे तपासावे लागते.

३

या तपासाची साधने वाघिणीच्या अंगावरच लिहिलेली असतात. तिच्या कुशीवरील मजकूर हा एक प्रकारचा कोरीव लेख आहे आणि तो वाचण्यासाठी त्याची वाक्यरचना समजून घेतली पाहिजे.

प्रथम येते मालकाची अक्षरखूण. दोन ते चार अक्षरांची ही खूण आणि तिच्या जोडीचा अंक मिळून वाघिणीचे नाव होते आणि त्या नावाची दुसरी वाघीण संबंध खंडात नसते. खुणेच्या अंती ‘एक्स’ हे अक्षर असेल तर मालक रेल्वे कंपनी नाही, वाघिणी भाड्याने देणारी संस्था किंवा माल पाठविणारा व्यापारी आहे, असे समजावे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर हा मालकीदर्शक प्रत्ययच होय. या नावाची नोंद प्रत्येक सीमेवर होत असे. कारण १९०२ पासून परक्या कंपनीच्या वाघिणीसाठी प्रतिदिनी ठराविक भाडे, आरंभी २० सेंट, द्यावे लागे. नाव चुकीचे उतरविले तर पैसे चुकीच्या घरी जात.

त्यानंतर तीन आकडे येतात. पहिला नाममात्र क्षमतेचा, दुसरा कमाल भाराचा, तिसरा रित्या वजनाचा. पन्नास टनी म्हणविल्या जाणाऱ्या वाघिणीची नाममात्र क्षमता १,००,००० पौंड असे. अमेरिकी टन २,००० पौंडांचा असतो. परंतु खरी मर्यादा आसांच्या टोकांच्या जाडीने ठरे. साडेपाच इंच व्यास व दहा इंच लांबी अशी टोके असलेले चार आस मिळून १,६९,००० पौंड वाहू शकतात, असे मानलेले होते. तेव्हा रिते वजन वजा केले की कमाल भार मिळे. दुरुस्तीने किंवा अन्य कारणाने रिते वजन बदलले की वाघीण पुन्हा तोलीत आणि दोन्ही आकडे नव्याने रंगवीत. बेरीज मात्र तीच राही. १९६० च्या दशकात ही मर्यादा १,७७,००० पौंडांवर नेण्यात आली. यावरून मजकुराचा काळ सांगता येतो. वर उल्लेखिलेल्या पहिल्या वाघिणीने ही परीक्षा सहज पार पाडली होती. छपाई करणाऱ्याने तो आकडा जुन्या छायाचित्रावरून घेतला असो वा नियम जाणून मांडला असो, त्याने मजकुराचा अर्थ मोडू दिला नव्हता.

वजनाजवळच महिना व वर्ष असते. नवी वाघीण असेल तर त्यापूर्वी ‘नवी’ या अर्थाचा शब्द येतो, आणि फेरतोल झालेला असेल तर ज्या ठिकाणी तो झाला तेथील संकेत येतो. बांधणीचे वर्ष एक आणि तोलाचे वर्ष दुसरे, अशा दोन मिती एकाच पृष्ठावर नांदतात. मूळ ग्रंथाचा काळ आणि हस्तलिखिताचा काळ यांत आपण जो भेद करतो, तोच हा भेद होय.

उत्तरकाळात या पृष्ठावर आणखी चिन्हे पडत गेली. वाघिणी यंत्राने ओळखता याव्यात म्हणून रंगीत आडव्या पट्ट्यांची एक पाटी १९६७ मध्ये स्वीकारण्यात आली. मळलेली पाटी यंत्राला वाचता येत नसे, आणि १९७७ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली. पाट्या मात्र पुढे कित्येक वर्षे वाघिणींवर तशाच राहिल्या. १९७८ मध्ये एका विशिष्ट बनावटीची चाके तडकतात असे आढळल्यावर सर्व वाघिणींची चाके तपासण्यात आली. तपासलेल्या वाघिणीवर काळ्या चौकोनात पिवळा ठिपका रंगविला गेला. सदोष चाके असतील तर पांढरा. प्रतिकृतीवर टाचणीच्या डोक्याएवढा दिसणारा हा ठिपका काळाचा किती निश्चित साक्षीदार आहे पाहा. १९५० च्या सुमाराची म्हणून दाखविलेल्या मालगाडीत तो दिसला, तर संपूर्ण पाठ अविश्वसनीय ठरतो.

४

लेखाप्रमाणेच घडणही काळ सांगते. लोखंडी पट्ट्या वाकवून बोल्टांनी जोडलेल्या जुन्या जातीच्या बोग्या १९४० च्या सुमारास परस्परविनिमयातून बाद झाल्या. ब्रेकची ‘एबी’ नावाची सुधारित यंत्रणा १९३३ पासून नव्या वाघिणींवर आली आणि तिच्या तीन सुट्या भागांमुळे वाघिणीचे पोट निराळे दिसू लागले. १९३७ च्या नमुन्याच्या आरंभीच्या वाघिणींत टोकाची भिंत दोन पत्र्यांची असून वरच्यात चार आणि खालच्यात पाच उठावदार पट्टे असत. १९४० च्या दशकाच्या मध्यास त्या पट्ट्यांची आकृती बदलली. पीएस-१ ची टोके व छप्पर ही पुलमन-स्टँडर्डची स्वतःची घडण होती. छपरावरून चालण्याची फळी हे एकेकाळी अनिवार्य अंग होते. कारण ब्रेक आवळणारा मनुष्य धावत्या गाडीच्या माथ्यावरून वाघिणीवाघिणींतून चालत जाई. हवेच्या ब्रेकने त्याचे ते काम कमी केले तरी फळी दीर्घकाळ राहिली. १९६६ पासून नव्या वाघिणींवर ती बसविणे बंद झाले आणि जुन्यांवरील फळ्या क्रमाक्रमाने काढण्यात आल्या.

या सर्व खुणा एकत्र घेतल्या की वाघिणीचा कालनिर्णय बऱ्याच अंशी करता येतो. परंतु त्यासाठी खुणा पाहावयास मिळाल्या पाहिजेत, आणि मूळ वाघिणी तर भंगारात गेल्या. अमेरिकी नियमांनुसार जुलै १९७४ पूर्वी बांधलेल्या वाघिणीला परस्परविनिमयात सामान्यतः चाळीस वर्षांपर्यंतच राहता येत होते. तेव्हा वर वर्णिलेल्या पिढीची वाघीण आज नेहमीच्या गाडीत आढळणार नाही. संग्रहालयांत काही जतन झाल्या आहेत. पण संग्रहालयांचा ओढा स्वाभाविकपणेच इंजिनांकडे आणि उतारूंच्या डब्यांकडे राहिला. शतकाच्या मध्यास अमेरिकेत सुमारे वीस लक्ष मालवाघिणी होत्या. त्यांच्याविषयी जे ज्ञान आज उपलब्ध आहे ते कारखान्यांच्या आकृती, छायाचित्रे आणि ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’ ही नियतकालिक सूची यांतून जुळवावे लागते. या सूचीत प्रत्येक मालकाच्या वाघिणी अंकमालिकेनुसार, आतील लांबी-रुंदी-उंचीसह दिलेल्या असतात. हे जुळवणीचे काम विद्यापीठांतील इतिहासविभागांनी क्वचितच केले. ते मुख्यतः प्रतिकृतिकारांनी केले. कारण त्यांना उत्तराची निकड होती.

५

अमेरिकेत सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. यात मूळच्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात. गुणोत्तर १ : ८७.१ असे पडते. चाळीस फूट आतील लांबीची वाघीण १४० मिलिमीटरांत बसते. याखेरीज १ : ४८ व १ : १६० ही प्रमाणेही रूढ आहेत.

येथे इतिहासाची एक मनोरंजक पुनरावृत्ती दिसते. वेगवेगळ्या कारखान्यांच्या लहान वाघिणी एकमेकींना जोडता येत नसत, एकाच्या रुळांवर दुसऱ्याची चाके नीट धावत नसत. म्हणून १९३५ मध्ये मिलवॉकी येथे ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने रुळांची व चाकांची प्रमाण मापे ठरविण्याचे काम हाती घेतले. १८६७ च्या कारागिरांसमोर जो प्रश्न होता तोच सत्तर वर्षांनी मेजावरच्या लोहमार्गापुढे आला, आणि त्याचे उत्तरही त्याच मार्गाने शोधले गेले.

प्रतिकृतींची अचूकता प्रारंभी बेताचीच होती. प्लॅस्टिकची वाघीण ओतण्यासाठी पोलादी साचा कोरावा लागतो. तो महाग असतो. तेव्हा एकच शरीर ओतून त्यावर वीस मालकांची नावे छापणे उत्पादकाला परवडते. जी नावे रंगीत ती अधिक खपतात. यातून एक विकृती निर्माण झाली. १९३० च्या दशकापूर्वी काही भाडोत्री शीतवाघिणींवर मांस, लोणी, मद्य यांच्या व्यापाऱ्यांच्या भडक जाहिराती रंगवीत. इंटरस्टेट कॉमर्स कमिशनच्या १९३४ मधील निर्णयानंतर ती प्रथा बंद पडत गेली. परंतु खेळण्यांच्या दुकानात तिला मरण नव्हते. दुकानाच्या फडताळावरून अनुमान काढले तर अमेरिकेतील मालगाडी म्हणजे जत्रेची मिरवणूक होती असे वाटेल. वास्तवात ती बहुतांशी गंजाच्या रंगाची होती.

१९८० च्या दशकापासून परिस्थिती पालटू लागली. रबराच्या मऊ साच्यात राळ ओतून थोडक्या संख्येने वाघिणी काढण्याची पद्धत रूढ झाली. एखाद्याच कंपनीच्या, एखाद्याच मालिकेतील वाघिणीची प्रतिकृती यामुळे शक्य झाली. सोबत येणाऱ्या पत्रकात त्या मालिकेचा इतिहास दिला जाऊ लागला. पुढे प्लॅस्टिकच्या उत्पादकांनीही हा मार्ग धरला. ऑरेगनमधील केडी या उद्योगाने एचओ प्रमाणात काढलेली पीएस-१ वाघीण याचे चांगले उदाहरण आहे. तीत दारे, शिड्या, ब्रेकचे चाक, छपराची फळी हे भाग सुटे करून बसविलेले असतात आणि मूळ वाघिणींत जे भेद होते त्यांनुसार ते बदलता येतात. पाठभेद नोंदविण्याचीच ही रीत नव्हे काय?

६

तरीही प्रतिकृती म्हणजे मूळ नव्हे. तिला स्वतःचे नियम आहेत. धरावयाची मूठ मूळची ५/८ इंच जाडीची. प्रमाणात ती ०.१८ मिलिमीटर झाली पाहिजे. एवढी बारीक मूठ प्लॅस्टिकची केली तर हाताळताच मोडेल. चाकाची रुंदी प्रमाणानुसार सुमारे १.७ मिलिमीटर भरावी. सामान्य प्रतिकृतीत ती २.८ मिलिमीटर असते, नाही तर चाके सांध्यांवर घसरतील. वजनाचे गणित तर पूर्णपणे फसते. ४४,५०० पौंडांची वाघीण तिन्ही दिशांनी ८७.१ पट लहान केली तर तिचे वजन सुमारे ३० ग्रॅम येते. पण प्रतिकृती रुळांवर स्थिर धावावी म्हणून उपर्युक्त संस्थेने जे वजन सुचविले आहे ते एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, म्हणजे सहा इंची वाघिणीला चार औंस, सुमारे ११३ ग्रॅम इतके आहे. लांबीरुंदी कमी करता येते. घर्षण आणि गुरुत्वाकर्षण यांना कमी करता येत नाही. भाषांतरकाराला ही अडचण परिचयाची आहे. मूळ वाक्याचा अर्थ आणता येतो, पण तो ज्या भाषेत आणावयाचा तिचे व्याकरण आपल्या अटी सोडीत नाही.

याहून गंभीर मर्यादा निराळी आहे. इतिहासकाराला पुरावा नसेल तेथे थांबता येते. संपादकाला हस्तलिखितात गळालेल्या अक्षरांच्या जागी टिंबे देता येतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडली तर प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी पाठभेदांचा संभार दिसतो. संपादकाने काय स्वीकारले आणि काय डावलले हे वाचकाला पडताळता येते. वाघिणीच्या प्रतिकृतीला ही सवलत नाही. जुन्या छायाचित्रात बहुधा एक कूस आणि एक टोक दिसते. छप्पर दिसत नाही, पोट दिसत नाही, दुसरी कूस तर दिसतच नाही. पण प्रतिकृतीला छप्पर हवेच, पोट हवेच, दोन्ही कुशी हव्यातच. तेथे काहीतरी बसवावेच लागते. बसविलेला भाग पुराव्याने सिद्ध झालेला आहे की अनुमानाने भरलेला आहे, हे डोळ्यांना सांगता येत नाही. दोन्हींवर रंग सारखाच चढतो.

प्रतिकृतीचे सामर्थ्य आणि तिचा धोका असे एकाच ठिकाणी आहेत. तिच्या करणाऱ्याला प्रश्न टाळता येत नाही. ‘त्या काळी बंद वाघिणी वापरीत’ एवढे लिहून निबंधकाराला पुढे जाता येते. प्रतिकृतिकाराला टोकावरचे पट्टे किती हे ठरवावेच लागते, आणि ठरविण्यासाठी तो अशी कागदपत्रे धुंडाळतो की जी अन्यथा कोणी उघडली नसती. परंतु उत्तर न सापडल्यास त्याचे अज्ञान झाकले जाते. म्हणूनच ज्या पत्रकात उत्पादक ‘अमुक भाग छायाचित्रावरून, अमुक भाग आकृतीवरून, अमुक भाग सजातीय वाघिणीवरून’ असे सांगतो, ते पत्रक वाघिणीइतकेच जपून ठेवण्याजोगे आहे. ते तिच्या तळटीपेचे काम करते.

७

एकेका वाघिणीची चिकित्सा झाली तरी संपूर्ण गाडीचा प्रश्न उरतो. शब्दकोशातील प्रत्येक शब्द खरा असला तरी ते कोणत्या प्रमाणात वापरले जातात हे कोश सांगत नाही. त्यासाठी बोलण्याचे नमुने मोजावे लागतात. प्रतिकृतिकारांपुढे हाच प्रश्न असा आला : १९४० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिमेकडील एखाद्या मार्गावरच्या गाडीत पूर्वेकडील कंपन्यांच्या वाघिणी किती असाव्यात?

सामान्य समज असा होता की त्या थोड्या असणार. प्रत्येक मार्गावर तेथल्याच व शेजारच्या कंपन्यांच्या वाघिणी अधिक असणार. या समजाची परीक्षा गाड्यांच्या गार्डांनी ठेवलेल्या जुन्या नोंदवह्यांवरून घेण्यात आली. त्या वह्यांत प्रत्येक वाघिणीची अक्षरखूण व अंक दिलेले असतात. त्यांची मोजदाद करून गिल्बर्ट व नेल्सन या अभ्यासकांनी असा सिद्धान्त मांडला की, त्या मार्गाच्या घरच्या वाघिणी वगळल्या, तर साध्या बंद वाघिणींचे प्रमाण कोणत्याही मुख्य मार्गावर देशातील एकूण संख्येतील त्यांच्या वाट्याशी स्थूलमानाने जुळते. जिचा ताफा मोठा, तिच्या वाघिणी सर्वत्र अधिक. एकट्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९२४ पासून ‘एक्स-२९’ या नमुन्याच्या जवळजवळ ३०,००० बंद वाघिणी ताफ्यात आणल्या होत्या. तेव्हा शेकडो मैल दूरच्या पश्चिमी गाडीतही तिची नाममुद्रा दिसणे क्रमप्राप्त होते. खास कामाला बांधलेल्या वाघिणींना, उदाहरणार्थ कोळशाच्या वाघिणींना, हा नियम लागत नाही. त्या बहुतांशी ठराविक मार्गांवरच फिरत.

या सिद्धान्ताचा आर्थिक इतिहासाशी संबंध उघड आहे. बंद वाघीण जेथे रिकामी होई तेथेच तिला नवा भार मिळे आणि ती आणखी पुढे जाई. घरी परतण्याचे नियम होते, पण निकडीच्या काळात ते सैल होत. राष्ट्रीय बाजारपेठ एकजीव झाल्याची खूण याहून प्रत्यक्ष कोणती असू शकेल? आणि ही खूण हाती लागली ती घरातील मेजावर गाडी जुळविताना ‘या गाडीत अकरावी वाघीण कोणाची असावी’ असा प्रश्न पडल्यामुळे.

८

समारोपादाखल दोन गोष्टी नमूद करावयाच्या आहेत.

पहिली अशी की, प्रतिकृतीची अचूकता तिच्यावरील तपशिलांच्या संख्येने मोजू नये. सुट्या शिड्या, तारेच्या मुठी आणि बारीक छपाई ही सर्व असूनही वाघीण असत्य असू शकते. आणि साधी असूनही विश्वसनीय असू शकते. कसोटी एवढीच की, तिचे नाव, अंक, घडण, वजने आणि मिती ही पाचही एकाच वाघिणीविषयी, एकाच वर्षाविषयी बोलतात काय? वाघीण चाळीस वर्षे जगे. तेवढ्यात तिचा रंग, बोग्या, छपराची फळी आणि मालकही बदलू शके. तेव्हा ‘अमुक वाघिणीची प्रतिकृती’ हे वाक्य अपुरे आहे. ‘अमुक वाघिणीची अमुक वर्षातील प्रतिकृती’ म्हटल्यावरच ते पुरे होते.

दुसरी गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना अस्सल कागदाचा जो आग्रह धरला तो आपल्याकडे सर्वमान्य झाला आहे. परंतु जेथे अस्सल वस्तू भंगारात गेली आहे तेथे नकलेची चिकित्सा कशी करावी, याचे शिक्षण आपण फारसे देत नाही. नक्कल पाहून हरखूनही जाऊ नये आणि नक्कल म्हणून तिला टाकूनही देऊ नये. तिला प्रश्न विचारावेत.

स्नेह्याने दिलेल्या दोन्ही वाघिणी आजही प्रस्तुत लेखकाच्या मेजावर आहेत. दुसरी टाकून दिलेली नाही. पाठचिकित्सेच्या तासाला दोन्ही विद्यार्थ्यांच्या हाती देता येतात. सोबत एक भिंग द्यावे आणि बेरीज करावयास सांगावी.